तवा, तंदूर आणि वाटीचं माप

छत्रपती संभाजीनगरात भाकरी-रोटीचे दोन मुलूख आहेत. सिडको, गारखेडा, औरंगपुऱ्यातल्या घरांत तव्यावरची ज्वारीची भाकरी आणि बुढीलेन, शहागंज, रोशन गेटच्या बाजूला भट्टीतला नान. सरहद्द काही कडक नाही. जुन्या शहरातही भाकरी थापली जाते आणि सिडकोतली मंडळी रविवारी नान-कलिया बांधून आणतातच. पण घरात रोज भाकऱ्या करणारी बाई हौसेने नान करायला बसते, किंवा हॉटेल मॅनेजमेंटला शिकणारा मुलगा सुट्टीत आजीपुढे भाकरी थापून दाखवायला जातो, तेव्हा ही सरहद्द भलतीच रुंद निघते. रेसिपी समोर असते, मापं बरोबर असतात, तरी हात हुकतो. का हुकतो, ते पिठात पाहावं लागतं.

ज्वारीत प्रथिनं आहेत, पण गव्हासारखी नाहीत. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखं लवचीक जाळं तयार करतात, त्याला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत हे जाळं होत नाही. म्हणून भाकरीचा गोळा लाटता येत नाही, थापावा लागतो. आणि म्हणूनच पाणी गरम घ्यायचं. साधारण सत्तर अंशांच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. प्रथिनांनी जे काम करायचं ते इथे स्टार्चकडून करून घ्यायचं. तळहाताच्या टाचेने पीठ मळून मळून घेणं हा त्या चिकटपणाला एकसारखं पसरवण्याचा भाग आहे. गव्हाची कणीक भिजवून तासभर झाकून ठेवली तर सुधारते. भाकरीचं पीठ तसं ठेवलं तर बिघडतं, म्हणून एकेका भाकरीपुरतंच मळायचं.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात. त्याने वरचं कोरडं पीठ धुतलं जातं आणि वरची बाजू लगेच वाळून तडकत नाही. पाणी सुकत आलं की उलटायची, पूर्ण सुकण्याआधी. मग दुसरी बाजू भाजून झाल्यावर भाकरी थेट विस्तवावर गेली की आतल्या पाण्याची वाफ होते. दोन्ही बाजूंना पक्की कातडी धरलेली असेल तर वाफ अडकते, भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. भाकरी थापताना कुठे चीर राहिली असेल तर वाफ तिथून निसटते. ‘पाणी सुकत आलं की’ हे चार शब्द पुस्तकात छापता येतात, पण सुकत आलेली भाकरी नेमकी कशी दिसते ते तव्यासमोर उभं राहूनच कळतं.

पिठाबद्दल एक शब्द मराठवाड्यात आजही चालतो: विरी. ‘पिठाला विरी नाही’ म्हणजे पीठ धरून राहत नाही, थापताना कडा फाटतात. असं झालं की बायका आधी गिरणीला आणि मग ज्वारीला दोष देतात, आणि बऱ्याचदा दोघांचाही संबंध असतो. शिवाय पीठ किती जुनं आहे तेही पाहावं: ज्वारीच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि दिवसागणिक खवट होतं, म्हणून जुनं पीठ कडवट लागतं. पंधरा दिवसांचं पीठ एकदम दळून ठेवण्यापेक्षा आठवड्याचं दळावं, हा जुना शिरस्ता त्यामुळे बिनकामाचा नाही. वाणाचाही फरक पडतो. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ही रब्बी ज्वारी भाकरीसाठी आजही मापदंड मानली जाते; परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणंही मराठवाड्यात रुळली. जालन्याच्या दगडी ज्वारीला तर अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. मोंढ्यात जाऊन नुसती ‘ज्वारी द्या’ म्हणणाऱ्या नवशिक्याला यातलं काहीच हाती लागत नाही.

आता भाकरीत तरबेज असलेली हीच बाई नानकडे वळते आणि सवयीने गरम पाणी घेते. तिथेच घोटाळा. मैद्याला गरम पाणी नको, कोमट हवं, कारण आत यीस्ट आहे. हाताला चटका बसेल इतक्या पाण्यात ते मरून जातं. मळणंही वेगळं. भाकरीत चिकटपणा पसरवायचा होता, इथे जाळं विणायचं आहे, म्हणून ताणत, दुमडत, दाबत बराच वेळ मळायचं. यीस्ट साखर खाऊन कर्बवायू सोडतं, तो वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या या शहरात, पाककृतीत दिलेला ‘दोन तास’ पाऊण तासावर येऊ शकतो. डिसेंबरच्या थंडीत तो तीन तासांवर जातो. ज्याने ती वेळ लिहिली त्याच्या स्वयंपाकघरातलं हवामान त्या आकड्यात असतं, आपल्या नाही. म्हणून घड्याळ सोडून गोळा आकाराने दुप्पट झाला का ते पाहायचं. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर तयार, लगेच उसळून आला तर अजून थांबायचं.

खरं तर मराठी स्वयंपाकाला ग्लुटेन नवीन नाही. अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेलं की पुरणाचे मांडे भेटतात. गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ भरपूर पाण्यात भिजवून, आपटून आपटून इतकं ताणशील करतात की पुरण भरलेला गोळा हातावरच फिरवत फिरवत भला मोठा करता येतो, आणि मग तो चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर पडतो. हे काम किती जुनं? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच. त्या ग्रंथात राजाच्या भोजनाचं एक मोठं प्रकरण आहे आणि त्यात गव्हाचे ‘मंडक’ आहेत, तेही तापलेल्या खापरावर भाजलेले. तेव्हा संभाजीनगरच्या गृहिणीने नानची धास्ती घ्यायचं कारण नाही. मांडे करणाऱ्या एखाद्या खानदेशी मावशीकडे एक दुपार घालवली तर मैद्याचं अर्धं शास्त्र हाताला कळतं. माझ्या मते ते कुठल्याही बेकरी कोर्सपेक्षा स्वस्त आणि जास्त टिकाऊ शिक्षण आहे.

उरलेलं अर्धं शास्त्र उष्णतेचं. तंदूरच्या भिंती चारशे अंशांच्या आसपास तापतात. घरगुती ओव्हन अडीचशेवर दम तोडतो. तंदूरमध्ये मिनिट-दोन मिनिटांत बाहेरून रंग येतो आणि आतला ओलावा सुटून जायला वेळच मिळत नाही, म्हणून नान मऊ राहतो. ओव्हनमध्ये रंग यायची वाट पाहता पाहता तो टोस्ट होतो. घरी त्यातल्या त्यात चांगला उपाय म्हणजे जाड लोखंडी तवा कडकडीत तापवून, नानच्या एका बाजूला पाणी लावून ती बाजू तव्याला चिकटवायची, वर फुगे आले की तवाच ज्योतीवर उपडा धरायचा. ओल्या पिठातला स्टार्च तापल्या पृष्ठभागावर क्षणात खळ होऊन धरतो. तंदूरच्या भिंतीला नान याच कारणाने चिकटतो. नॉनस्टिकवर हा खेळ करू नये. नान सरळ बर्नरवर पडतो.

नानसोबत कलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, आला, आणि कलियासोबत त्याची गोष्ट. शहरात ती प्रत्येकजण सांगतो. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ इकडे आला आणि भटियाऱ्यांनी तो जपला. गोष्ट छान आहे. फौजेला एका वेळी शेकडो माणसांचं, फारशी राखण न करता शिजणारं जेवण लागतं आणि कलिया तसाच आहे, त्यामुळे ती पटतेही. पण आज वाडग्यात तरंगणारी लालभडक तरी त्या गोष्टीत बसत नाही. मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि पोर्तुगीज आले १४९८ मध्ये. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त शाही भटारखान्यातल्या पदार्थांची जी यादी आहे, तिच्यात कलिया आहे, काळी मिरी आहे, लाल मिरची नाही. म्हणजे तुघलकाच्या फौजेने कलिया खाल्ला असेलच तर तो लाल नव्हता. आणि ज्या शहराचा हा पदार्थ म्हणून आपण मिरवतो ते शहरही तेव्हा नव्हतं. खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली मलिक अंबरने, १६१० मध्ये.

त्या यादीची आणखी एक गंमत आहे. ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिणाऱ्या अबुल फजलने मांस इतके शेर, तूप इतके शेर, कांदा इतका, अशी मापं काटेकोर दिली, पण शिजवायचं कसं याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं नाही. ते दरबारी खर्चाचं टिपण होतं, शिकवणी नव्हती. आज मोबाइलवर सापडणाऱ्या कित्येक पाककृतींचाही हाच वाण आहे.

कलिया शिकायला निघालेल्याने तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, मांस. भटियारे नळीचे, पायाचे, सांध्याचे तुकडे घालतात, कारण तिथे कोलॅजन हा चिवट तंतू भरपूर असतो. मंद आचेवर तासन्‌तास राहिला की तो विरघळून जिलेटिन होतो आणि रस्सा ओठांना चिकटतो. नुसतं मऊ मांस घेतलं तर तुकडे शिजतील, रस्सा मात्र पाणचट राहील. दुसरी, दही. कढत, आंबट रश्श्यात थंड दही एकदम ओतलं की त्यातलं प्रथिन आकसून गोळे होतात आणि पाणी वेगळं पडतं. दही फ्रिजबाहेर काढून, घोटून, आच कमी करून चमच्या-चमच्याने घालायचं. चिमूटभर बेसन घोटलं तर आणखी सुरक्षित. तिसरी, तरी.

तरी म्हणजे वर आलेलं तेल, हे सगळ्यांना दिसतं. ते कधी वर येतं हे फार थोड्यांना माहीत असतं. कांदा, दही, मसाल्याच्या वाटणात पाणी भरपूर असतं आणि त्या पाण्यात तेलाचे बारीक थेंब अडकून राहतात. पाणी उडत जातं तसे ते थेंब एकमेकांना भेटतात आणि कडेने तेल सुटायला लागतं. तोपर्यंत वाटणाचं तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जाऊ शकत नाही. एकदा पाणी सरलं की ते झपाट्याने चढतं आणि मसाला खऱ्या अर्थाने तळला जातो. म्हणून ‘तेल सुटेपर्यंत परता’ ही सूचना म्हणजे घरगुती थर्मामीटर आहे. रंगाचंही तसंच. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. तेल सुटायच्या आत पाणी ओतणाऱ्याच्या कलियाला रंगही येत नाही आणि कच्चट वासही जात नाही. हळद मात्र चांगली हवी; आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात, वसमतची हळद आहे, तिलाही मानांकन मिळालंय, तेव्हा बाहेर शोधायला नको.

प्रेशर कुकर वापरावा का? वापरावा. आत पाणी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे कोलॅजन लवकर विरघळतं. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. उघड्या पातेल्यात इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. पण बंद कुकरमधून पाणी उडत नाही, म्हणून तरीही येत नाही. झाकण काढल्यावर रस्सा उघडा आटवायचा, ही अर्ध्या तासाची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि मग ‘हॉटेलसारखा झाला नाही’ अशी हळहळ होते.

हॉटेलसारखा, आणि त्याहून लग्नातल्या देगेसारखा, घरी होत नाही याला एक शुद्ध भूमितीचं कारण आहे. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर आत मावणारा रस्सा आठपट होतो, पण तोंडाचं क्षेत्रफळ चौपटच होतं. वाफ तोंडातून जाते. म्हणजे मोठ्या देगेत प्रत्येक वाडग्यामागे कमी पाणी उडतं, आणि घरच्या लहान पातेल्यात त्या मानाने फार जास्त. पन्नास माणसांच्या पाककृतीला दहाने भागून पाच जणांसाठी केलं की मटण शिजायच्या आत रस्सा आटतो, मग पाणी वाढवावं लागतं. मीठ-मसाला आधीच पूर्ण टाकला असेल तर आटता आटता खारट होतं. भागाकार साहित्याचा करायचा, पाण्याचा नाही. मीठ शेवटी.

भागाकाराचा हा प्रश्न मराठी पाकपुस्तकांना दीडशे वर्षं छळतो आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. शेर-तोळ्यांच्या त्या जमान्यातून घरगुती मापाकडे आपल्याला खऱ्या अर्थाने आणलं ते कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने, १९७० मध्ये. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हेच माप धरलं. घरात तराजू नसलेल्या, नव्याने संसार मांडलेल्या मुलींना ते एकदम हातात आल्यासारखं वाटलं. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि लग्नात ते आहेरात द्यायची पद्धत पडली, ती उगाच नाही.

वाटीवर टीका करणारे असतात. तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नाही, म्हणतात. पण एकाच पदार्थात सगळीकडे एकच वाटी वापरली तर प्रमाण बिघडत नाही. एक वाटी डाळीला दोन वाट्या पाणी हे वाटी लहान असो वा मोठी, खरंच राहतं. वाटी फसते ती दोन ठिकाणी. एक, जिथे मोजून येणारी वस्तू मध्ये येते: दोन अंडी, एक पाकीट यीस्ट. दोन, पिठात. चाळून हलकेच भरलेल्या कपभर मैद्याचं वजन एकशे वीस ग्रॅम भरेल, डब्यात खुपसून दाबून काढला तर दीडशेच्या घरात जाईल. आमटीत हा फरक कुणाला कळणार नाही. केक मात्र वीट होतो. म्हणून पारंपरिक स्वयंपाकाला वाटी आणि बेकरीला वजनकाटा, अशी सरळ वाटणी करावी. डिजिटल काटा हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि नव्या पाककृतींची हौस असणाऱ्या घरात मिक्सरनंतर घ्यायची वस्तू हीच.

क्लासचा जमाना ‘रुचिरा’च्या थोडा आधी सुरू झाला होता. मुंबईत तरला दलाल यांनी १९६६ मध्ये घरीच वर्ग घ्यायला सुरुवात केली. त्यांचं पहिलं पुस्तक आलं १९७४ मध्ये, वर्गांच्या पाठीवर. घरचा ओटा, समोर दहा-बारा खुर्च्या, शेवटी चव पाहायला प्लेट आणि हातात झेरॉक्स, हा साचा मग गावोगावी पसरला. संभाजीनगरातही सिडकोच्या रो-हाउसमध्ये दिवाळीआधी फराळ आणि चॉकलेट, उन्हाळ्यात आइसक्रीम, आणि बाराही महिने बिनअंड्याचा केक, असे वर्ग चालतात. दुसऱ्या टोकाला व्यावसायिक शिक्षण आहे. रौजाबागेत डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसवरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, ‘एमजीएम’ची आहे. तिथली मुलं फ्रेंच पद्धतीच्या पायावर शिकतात.

त्या फ्रेंच पायातली एक गोष्ट घरच्या स्वयंपाकाने जरूर उचलावी: ‘मीज आँ प्लास’, म्हणजे गॅस पेटवायच्या आत सगळं चिरून, मोजून, हाताशी मांडून ठेवणं. रोजच्या भाजीला त्याची गरज नाही, तिथे कांदा परतेस्तोवर टोमॅटो चिरून होतो. नवीन पदार्थात मात्र पुढची पायरी वाचेपर्यंत लसूण जळतो. क्लासमध्ये सगळं सोपं वाटतं ते याचसाठी. बाईंनी वाट्या आधीच भरून मांडलेल्या असतात आणि ओव्हन तापत ठेवलेला असतो. बिनअंड्याच्या केकमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. तिथे फुगवण्याचं काम दही आणि खाण्याचा सोडा करतात. दोघं भेटल्या क्षणी वायू सुटायला लागतो आणि तो यीस्टसारखा तासभर वाट पाहत नाही. मिश्रण कालवून मग ओव्हन लावणाऱ्याचा केक ओव्हनमध्ये जायच्या आतच निम्मा बसलेला असतो.

क्लास निवडताना फी किती आणि पदार्थ किती, हे दोनच प्रश्न विचारले जातात. मला तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो: हात घालायला मिळेल का? नुसतं बघायचा वर्ग आणि व्हिडिओ यांत फार फरक नाही, उलट व्हिडिओ थांबवता येतो. वर्गाला पैसे मोजायचे ते वास, आवाज आणि स्पर्श यांसाठी, कारण तेवढंच छापता किंवा दाखवता येत नाही. ‘बाई, खोबरं कधी उतरवायचं?’ या प्रश्नाला ‘चार मिनिटांनी’ हे उत्तर कुचकामी आहे. कढई जाड की पातळ, गॅस मोठा की लहान, यावर ते बदलणार. ‘हे बघ, आता वास बदलला, लगेच उतरव’ हे ज्या वर्गात ऐकू येतं तो वर्ग चांगला.

मराठवाड्याच्या येसरात, म्हणजे आमटीला घालायच्या भाजक्या मसाल्यात, ही परीक्षा पुरेपूर होते. धान्य, डाळी, धने, मिरच्या, खडा मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची भाजायची वेळ निराळी. एकशे चाळीस अंशांच्या आसपास प्रथिनं आणि साखर यांच्यात ती प्रसिद्ध क्रिया सुरू होते, जी लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली आणि जिच्यामुळे भाजल्याचा खमंगपणा येतो. थोडं पुढे गेलं की करपटपणा. शिवाय भाजताना स्टार्चच्या साखळ्या तुटतात, म्हणून खरपूस भाजलेल्या येसराने आमटी तितकीशी घट्ट होत नाही. पहिल्यांदा करणारी बाई ती पातळ दिसली म्हणून आणखी येसर घालते, आणि ताटात पडेपर्यंत मसाल्याचा लगदा होतो. येसर पाण्यात कालवून घालावा, पाच मिनिटं उकळू द्यावं, मगच ठरवावं.

डाळीचं दुखणं निराळंच, आणि त्याला पाककृती जबाबदार नसते. नळाला जायकवाडीचं पाणी ठरावीक दिवशीच येतं, मधल्या दिवसांत बोअरवर भागवायचं, अशी सवय इथल्या कितीतरी वसाहतींना आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट करतं आणि शिट्ट्या वाढवूनही तूर गोटा राहते. चिंच-टोमॅटो आधी घातला तरी तेच, कारण आंबटपणातही पेक्टिन विरघळायला कां-कूं करतं. त्या दिवशी डाळ पिण्याच्या पाण्यात भिजवून शिजवावी आणि आंबट शेवटी घालावं.

राहिला शाकाहारी घरांतला प्रश्न, कारण या शहरात तोही हमखास विचारला जातो: मटण नको, पण कलियाची चव हवी. कच्च्या फणसाचे तुकडे घालून तो करतात. रंग येतो, तरीही येते, वासही जवळपास जमतो. पण फणसात कोलॅजन नाही, त्यामुळे रश्श्याला अंग येत नाही. ते अंग खसखस, सुकं खोबरं आणि थोडे काजू यांच्या बारीक वाटणातून आणावं लागतं. खसखस आधी तासभर भिजवायची, नाहीतर मिक्सरमध्ये ती नुसती पळत राहते. फणस आधी तेलावर लालसर परतून घ्यायचा आणि रश्श्यात शेवटच्या वीस मिनिटांतच सोडायचा, कारण मटण जितकं शिजेल तितकं रस्सा घट्ट करतं आणि फणस जास्त शिजला की फक्त त्याचे धागे होतात.